वर्तुळातील कोन

वर्तुळातील कोन : (भूमिती). ज्या कोनाचा शिरोबिंदू वर्तुळावर असतो आणि ज्याच्या दोन्ही भुजा वर्तुळाला पुन्हा छेदतात, तो अंतर्लिखित कोन. त्याचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या, म्हणजे दोन्ही भुजांमध्ये सापडलेल्या, कंसाच्या मापाच्या (कंसाने वर्तुळकेंद्राशी केलेल्या कोनाच्या) निम्मे असते. शाळेत सुटी सुटी पाठ करवली जाणारी बहुतेक प्रमेये या एकाच विधानातून निघतात: एकाच कंसात अंतर्लिखित केलेले कोन एकरूप असतात, अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, चक्रीय चौकोनाचे (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेल्या चौकोनाचे) संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, म्हणजे त्यांची बेरीज १८०° असते. शिरोबिंदू वर्तुळाच्या आत सरकला, तर दोन अंतर्खंडित कंसांच्या मापांच्या बेरजेची निमपट घ्यायची. बाहेर गेला, तर वजाबाकीची. शिरोबिंदू वर्तुळावरच ठेवून एक भुजा वळवत स्पर्शिका केली, तरी निमपटीचा नियम टिकतो.

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून भुईकोट किल्ल्याचे कोणतेही दोन बुरूज पाहावेत. त्यांच्या एकाच बाजूच्या ज्या ज्या जागांवरून त्या दोहोंमधील कोन ४०° भरतो, त्या सर्व जागा त्या बुरुजांतून जाणाऱ्या एकाच वर्तुळकंसावर येतात. केंद्राशी कोन ८०° होतो. तिसरी खूण घेऊन आणखी एक कोन मोजला की दुसरे वर्तुळ मिळते आणि एरवी निरीक्षकाची जागा नकाशावर ठरते. मात्र निरीक्षक आणि तिन्ही खुणा एकाच वर्तुळावर असतील, तर दोन्ही वर्तुळे एकच होतात आणि ही रीत फसते. सर्वेक्षक व नावाडी दोघेही ही रीत वापरत आले आहेत.

अर्धवर्तुळातील काटकोनाचे श्रेय सामान्यतः ग्रीक तत्त्वज्ञ थेलीझ (इ. स. पू. सहावे शतक) यास दिले जाते. याचा मुख्य आधार बराच उत्तरकालीन आहे. सु. तिसऱ्या शतकातील चरित्रकार डायोजिनीझ लेअर्शियस हा पँफिला या लेखिकेच्या हवाल्याने सांगतो, की वर्तुळात काटकोन त्रिकोण प्रथम थेलीझने काढला व बैल बळी दिला. पण इतर काही जण, त्यांत गणिती अपॉलोडोरस, हे श्रेय पायथागोरसला देतात, असेही तोच नोंदवतो. पाचव्या शतकातील यूक्लिडचा भाष्यकार प्रॉक्लस थेलीझच्या नावे व्यासाने वर्तुळ दुभागणे, समद्विभुज त्रिकोणाचे पायाकडील कोन इ. गोष्टी सांगतो, पण त्या यादीत हे प्रमेय नाही. बॅबिलोनियन मृत्पट्टिकांवरील जीवेच्या उदाहरणांवरून हा गुणधर्म व्यवहारात त्याआधीच ठाऊक असावा. थेलीझने तो ओळखला असेल, परंतु सिद्ध केला असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सुसूत्र सिद्धता यूक्लिडच्या (सु. इ. स. पू. ३००) मूलतत्त्वेच्या तिसऱ्या खंडात सापडतात: विधान २० केंद्रीय कोनाचे, २१ एकाच वर्तुळखंडातील कोनांचे, २२ चक्रीय चौकोनाचे, ३१ अर्धवर्तुळाचे, ३२ स्पर्शिकेचे. यूक्लिड कंसाला अंशांत माप देत नाही. तो कोनाची तुलना कोनाशीच करतो.

भारतात ब्रह्मगुप्ताने (६२८) चौकोनाच्या क्षेत्रफळाचे व कर्णांचे नियम दिले. ते चक्रीय चौकोनालाच लागू पडतात, पण ही अट त्याने शब्दांत सांगितलेली नाही. ती त्याला अभिप्रेत होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. केवळ चार बाजूंवरून चौकोन निश्चित होत नाही, हा आक्षेप भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) घेतला.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या भूमितीत हा विषय ‘वर्तुळ’ या प्रकरणात येतो.   वर्तुळकेंद्र न वापरता स्पर्शिका काढण्याची रचना स्पर्शिका व छेदिका यांमधील कोनाच्या प्रमेयाच्या व्यत्यासावर आधारलेली असते.