कार्यस्मृती आणि तर्कक्षमतेतील व्यक्तिभेद

चालू विचारासाठी लागणारी माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवणाऱ्या आणि त्याच वेळी तिच्यावर प्रक्रिया करणाऱ्या मर्यादित क्षमतेच्या व्यवस्थेस कार्यस्मृती म्हणतात. अॅलन बॅडली व ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये तिचे बहुघटकी प्रारूप मांडले. त्यात शब्दरूप माहिती आणि दृश्य-अवकाशीय माहिती यांसाठी स्वतंत्र साठे असून त्यांवर एका केंद्रीय नियंत्रकाची देखरेख असते. ही क्षमता माणसामाणसांत कमी-अधिक असते आणि तर्कचाचण्यांतील यशापयशाशी तिचा निकटचा संबंध आढळतो.

केवळ आकडे ऐकून ते त्याच क्रमाने म्हणून दाखवणे, हे कार्यस्मृतीचे पुरेसे माप नव्हे. संशोधनात वापरल्या जाणाऱ्या संयुक्त चाचण्यांत ‘(८ ÷ २) + ३ = ७’ हे समीकरण बरोबर आहे की चूक ते सांगायचे, लगेच दिसणारा शब्द लक्षात ठेवायचा, पुन्हा नवे समीकरण, पुन्हा नवा शब्द, आणि शेवटी सगळे शब्द क्रमाने सांगायचे, अशी रचना असते. रँडल एंगल व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९९ मध्ये असे दिसले, की तर्कक्षमतेशी नाते जुळते ते या दुहेरी ताणाच्या कामगिरीचे. निव्वळ साठवणुकीचे नव्हे.

तर्क करताना हा ताण नेमका कोठे येतो, हे साध्या उदाहरणावरून दिसते. ‘अ हा ब पेक्षा उंच आहे, ब हा क पेक्षा उंच आहे’ या विधानांतून एकच क्रम निघतो. पण ‘अ हा ब पेक्षा उंच आहे, क हाही ब पेक्षा उंच आहे’ असे म्हटले, की अ आणि क यांच्यापैकी कोणीही वर असू शकतो, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी दोन्ही शक्यता मनात ठेवाव्या लागतात. माणूस परिस्थितीची मानसिक चित्रे उभारून तर्क करतो, असे मानणाऱ्या फिलिप जॉन्सन-लेअर्ड यांच्या मानसप्रतिमान सिद्धांतानुसार अशा शक्यता जितक्या वाढतात तितक्या चुका वाढतात. पहिलीच शक्यता पुरेशी मानून थांबणे ही नेहमीची चूक आहे.

दुसरी अडचण पूर्वग्रहाची आहे. ‘सर्व पक्ष्यांना पंख असतात, चिमणीला पंख असतात, म्हणून चिमणी पक्षी आहे’ हा निष्कर्ष खरा असला तरी त्या दोन विधानांतून तो निघत नाही. येथे ओळखीचे उत्तर बाजूला ठेवून केवळ रचना तपासावी लागते, आणि अधिक कार्यस्मृती असलेल्या व्यक्तींना ते सरासरीने अधिक जमते.

संबंध किती दृढ, यावर मात्र बराच वाद झाला. पॅट्रिक किलोनेन व रेमंड क्रिस्टल यांना १९९० मध्ये दोहोंत ०.८० ते ०.९० इतका सहसंबंध (दोन गोष्टी किती एकत्र बदलतात याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) आढळला, त्यामुळे तर्कक्षमता म्हणजे जवळजवळ कार्यस्मृतीच, असे मत पुढे आले. २००५ मध्ये फिलिप अॅकरमन व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून कार्यस्मृती व सामान्य बुद्धिमत्ता यांतील सहसंबंध सुमारे ०.४८ काढला, मायकेल केन व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी सुप्त घटकांच्या (अनेक चाचण्यांतील समान भागातून काढलेल्या मूळ क्षमतांच्या) पातळीवर तो ०.७२ असल्याचे दाखवले. ०.७२ हा आकडा घेतला तरी त्याच्या वर्गाइतका, म्हणजे व्यक्तिभेदांपैकी निम्म्याच्या आसपास भाग स्पष्ट होतो. त्यामुळे दोन्ही क्षमता एकच आहेत, हे म्हणणे टिकत नाही.

या नात्यामागील कारणाबद्दलही एकमत नाही. एंगल लक्षनियंत्रणाला महत्त्व देतात, तर क्लाउस ओबेरॉयर यांच्या मते घटकांची तात्पुरती सांगड घालून नवे संबंध उभारण्याची क्षमता निर्णायक असते. सरावाने कार्यस्मृती वाढवून तर्कक्षमता वाढवता येते, अशी आशा २००८ मधील एका बहुचर्चित प्रयोगाने निर्माण केली होती. परंतु नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत सराव केलेल्या व तत्सम चाचण्यांतच ठळक सुधारणा आढळली, तर्कचाचण्यांपर्यंत ती विश्वासार्हपणे पोहोचलेली दिसली नाही.