पेडल पुढे गेलं, पिस्टन जागेवरच

मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या ब्रेक डिस्कवर पाणी शिंपडलं तर चर्र झालं. जेमतेम दहा-बारा किलोमीटर झाले होते, रस्ता मोकळा होता आणि मागचा ब्रेक मी सगळा मिळून चार-पाच वेळा दाबला असेन. तरीही पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं. न्यूट्रलमध्ये टाकून गाडी ढकलायला गेलो तर ती जागची हलेना. आदल्याच दिवशी मी तिला फॉरवर्ड कंट्रोल्स बसवले होते. प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला होता आणि एकही सैल नव्हता. चूक होती एका सळईच्या लांबीत, तीही दोन मिलिमीटरची.

फॉरवर्ड कंट्रोल्स म्हणजे फूटरेस्ट, गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचं पेडल मूळ जागेवरून काढून पुढे, चेसिसच्या पुढच्या नळ्यांपाशी नेणं. क्रूझर, म्हणजे लांब आणि बसक्या मोटरसायकलींवर, ही बैठक आवडीने घेतली जाते. लांब पायांच्या माणसाचे गुडघे मुडपून राहत नाहीत, पाय मोकळे सुटतात. तयार किट मिळतं आणि पाना हातात धरता येणाऱ्या कुणालाही ते बसवता येईल असं वाटतं. बसवता येतंही. पण माझ्या मते हे काम बोल्टांचं कमी आणि भूमितीचं जास्त आहे. पाय पुढे गेला तरी गिअरबॉक्स जागचा हलत नाही, आणि बहुतेक किटमध्ये ब्रेकचा मास्टर सिलिंडरही (ब्रेक ऑइल दाबणारं नळकांडं) जुन्याच जागी राहतो. मधलं वाढलेलं अंतर सळयांनी भरून काढायचं असतं. त्या सळयांचं गणित चुकलं, तर वरून सगळं ठाकठीक दिसणारी गाडी आतून बिघडते.

आधी ब्रेकचा जोर कसा पोचतो ते पाहू. पेडल ही साधी तरफ आहे. ती जिच्याभोवती फिरते त्या खिळीपासून पायापर्यंतचं अंतर १५ सेंटीमीटर आणि खिळीपासून सळईपर्यंतचं ३ सेंटीमीटर असेल, तर पायाचा जोर पाचपट होतो. पायाने १० किलोचा दाब दिला की सळई मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ५० किलोने रेटते. १२.७ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण १.२७ चौरस सेंटीमीटर भरतं, म्हणजे ब्रेक ऑइलवरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ३९ किलोच्या आसपास जातो. पास्कलच्या नियमाप्रमाणे तोच दाब नळीतून कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅडनी डिस्क पकडणाऱ्या चिमट्यापर्यंत, पोचतो. तिथल्या पिस्टनचा व्यास ३० मिलिमीटर धरला, तर पॅड डिस्कवर सुमारे २८० किलोने दाबला जातो. बुटाच्या तळव्याने दिलेले १० किलो चाकाशी २८० होतात, आणि ही सगळी वाढ दोनच ठिकाणी होते: पेडलच्या तरफेत आणि पिस्टनच्या आकारांत. पिस्टन आपण बदलत नाही. पेडल मात्र किटचं असतं. म्हणून नव्या पेडलची ही दोन अंतरं फूटपट्टीने मोजून जुन्याशी ताडून पाहावीत. पाचाच्या जागी चारपट झाली, तर त्याच ब्रेकसाठी पायाला सव्वापट जोर लावावा लागेल.

आता ती सळई. स्टीलची फूटपट्टी उभी धरून दोन्ही टोकांनी दाबली की ती आखडत नाही, एकदम बाजूला वाकते. लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये याचं सूत्र मांडलं: सळई किती भाराला वाकेल हे तिच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. लांबी दुप्पट झाली की ताकद पावपट उरते. ६ मिलिमीटर जाडीची आणि २० सेंटीमीटर लांबीची स्टीलची सळई दाबाखाली सुमारे ३२० किलोपर्यंत सरळ राहते. तीच सळई ४० सेंटीमीटरची केली तर ८० किलोला वाकायला लागते. जीव वाचवायला माणूस पेडलवर अक्षरशः उभा राहतो तेव्हा पायाखाली ३० किलो सहज येतात आणि पाचपट होऊन सळईवर १५० किलो पडतात. म्हणजे जुन्या सळईला त्याच जाडीचा तुकडा जोडून वेळ मारून नेली, तर रोजच्या हलक्या ब्रेकिंगला ती चालेल आणि नेमकी गरजेच्या क्षणी धनुष्यासारखी वाकेल. उपायही सूत्रातच आहे. ताकद जाडीच्या चौथ्या घातात वाढते, त्यामुळे ६ च्या जागी ८ मिलिमीटरची सळई घेतली की ती तिपटीहून जास्त भार सोसते, सुमारे २५० किलो. काही किटमध्ये सळई ढकलली न जाता ओढली जाईल अशी रचना असते. ओढल्यावर सळई वाकण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून मला ती रचना जास्त भरवशाची वाटते.

पण माझी सळई जाडजूड होती. ती वाकलेली नव्हती, लांब होती.

मास्टर सिलिंडरच्या आत, विसावलेल्या पिस्टनच्या तोंडापुढे, एक बारीक भोक असतं. सुई जाईल न जाईल इतकं. ते वरच्या ब्रेक ऑइलच्या डबीत उघडतं. पाय काढला की पिस्टन मागे येऊन या भोकाच्या अलीकडे थांबतो आणि नळीतलं ऑइल डबीशी जोडलेलं राहतं. ब्रेक मारल्यावर ऑइल तापतं आणि प्रसरण पावतं. तो वाढावा या भोकातून डबीत परत जातो. पेडल दाबताना पिस्टन पहिल्या मिलिमीटरभरातच भोक ओलांडून ते बंद करतो आणि मगच दाब तयार होतो. पेडलला सुरुवातीला जो किंचित सैल प्ले लागतो, ती या भोकाची राखण आहे. सळई आणि पिस्टन यांच्यात केसभर फट आहे, पिस्टन पूर्ण मागे आलेला आहे, एवढंच तो प्ले आपल्याला सांगत असतो.

मला पेडल अगदी टच हवं होतं, पाय टेकवला की लगेच धरणारं. म्हणून मी प्ले संपेपर्यंत सळई लांबवत नेली, आणि थोडी पुढेही नेली. पिस्टन कायमचा दीड-दोन मिलिमीटर आत ढकललेला राहिला आणि भोक झाकलं गेलं. घरासमोर चाक फिरवून पाहिलं तेव्हा ऑइल थंड होतं, चाक छान फिरलं. रस्त्यावर दोन ब्रेक मारल्यावर ऑइल तापून फुगलं, त्याला बाहेर जायला वाट नव्हती, त्याने पॅड डिस्कवर दाबले. पॅड घासून डिस्क तापली, डिस्कने ऑइल आणखी तापवलं, पॅड आणखी घट्ट बसले. पाय पेडलवर नसताना ब्रेक आपणच लागत गेला. वेगात असतो तर मागचं चाक जागीच जाम झालं असतं. तो विचार आजही माझ्या अंगावर काटा आणतो.

काही किट मास्टर सिलिंडरच पुढे नेतात. मग लांब सळईचा प्रश्न सुटतो, पण नळी बदलावी लागते, जोडाचे तांब्याचे वॉशर नवे घालावे लागतात आणि सगळी एअर काढावी लागते. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पायाचा जोर तो दाबण्यात खर्ची पडतो आणि पेडल स्पंजासारखं लागतं. ब्रेक ऑइल टाकीवर सांडलं तर रंग उचलतं, लगेच भरपूर पाण्याने धुवावं. मागचा ब्रेक लाइट लावणारा स्विच बऱ्याचदा जुन्या पेडलला स्प्रिंगने अडकवलेला असतो. तो नव्या पेडलला जोडायचा राहून गेला तर आपल्याला कळतच नाही, कळतं ते मागून येणाऱ्याला.

गिअरच्या बाजूला भार कमी, पण नखरे जास्त. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्यावर बारीक दाते असतात आणि त्यांवर लिव्हर चिमट्यासारखा आवळलेला असतो. तो बोल्ट नुसता सैल करून लिव्हर ओढला तर हलत नाही, कारण बहुतेक गाड्यांत बोल्ट दांड्यावरच्या खाचेतून गेलेला असतो. तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. हातोडी घ्यायची गरज नाही, घेतली तर आतल्या सीलचं नुकसान. परत बसवताना एक दाता इकडचा तिकडे झाला की लिव्हरचा कोन बदलतो. दांड्यावर २४ दाते असतील तर एका दात्याला १५ अंश.

कोनाला इतकं महत्त्व का? सळई लिव्हरला काटकोनात ओढते तेव्हा तिचा सगळा जोर फिरवण्यात जातो. कोन ६० अंशांचा झाला तर ८७ टक्केच कामी येतो, ४५ अंशांचा झाला तर ७१ टक्के. शिवाय गिअर वर टाकताना कोन एकीकडे सरकतो आणि खाली टाकताना दुसरीकडे, त्यामुळे एक गिअर लोण्यासारखा पडतो आणि दुसरा अडखळतो. लोक गिअरबॉक्सला दोष देतात, दोष त्या कोनाचा असतो. लिव्हर मधल्या, विसाव्याच्या स्थितीत असताना दोन्ही टोकांना सळई काटकोनात आली पाहिजे. आणि गिअरबॉक्सवरचा छोटा लिव्हर दांड्याच्या वर आहे की खाली, हे नीट पाहावं. तो उलटा बसला की सळईची ओढ उलट फिरते आणि पहिला गिअर वर, बाकीचे खाली होतात. पाय ही गोष्ट डोक्याला न विचारता करत असतो. पूर्वी अनेक ब्रिटिश गाड्यांचा गिअर उजवीकडे असायचा. अमेरिकेने सप्टेंबर १९७४ पासून डावीकडे गिअर, उजवीकडे ब्रेक असा नियम केला, त्यामागेही हाच विचार होता: घाबरलेल्या माणसाचा पाय सवयीच्या जागीच पडतो.

फूटरेस्टचा ब्रॅकेट काही गाड्यांत इंजिनाच्याच पुढच्या बोल्टवर येतो. तो बोल्ट काढण्याआधी इंजिनाखाली जॅकचा आधार द्यावा. आवळताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना) वापरावा आणि किटने सांगितलेला आकडा पाळावा. पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग नुसत्या घर्षणात जातो आणि राहिलेल्या दहा टक्क्यांत बोल्ट ताणला जातो. म्हणून आट्यांना तेल लागलेलं असेल तर त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जाऊ शकतो.

बैठकीबद्दल एक समज खोडून काढावासा वाटतो. पाय पुढे गेले की पुढच्या चाकावर बराच भार वाढतो, असं सांगितलं जातं. ७० किलोच्या माणसाचे दोन्ही पाय मिळून २२-२३ किलोंचे. पावलं २० सेंटीमीटर पुढे गेली तरी पायांच्या वजनाचा मध्य १० सेंटीमीटरच सरकतो. दोन चाकांमधलं अंतर १६० सेंटीमीटर असेल तर पुढच्या चाकावर जेमतेम दीड किलो वाढतो. खरा फरक पडतो तो माकडहाडाला. फूटरेस्ट अंगाखाली असतो तेव्हा खड्डा दिसला की आपण नकळत पायांवर भार घेऊन बुड उचलतो, गुडघे स्प्रिंगचं काम करतात. पाय पुढे पसरलेले असताना उठताच येत नाही. धक्का थेट कण्यात जातो. वेग वाढला की छातीवरचा वारा वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० च्या १२० ला चौपट, आणि त्याला तोंड द्यायला हातांनी हँडल धरून लोंबकळावं लागतं. पाठीचं दुखणं असलेल्याने पैसे घालवण्याआधी अशी गाडी तासभर चालवून पाहावी.

वळणाचंही गणित बदलतं. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० किलोमीटरने जाताना गाडी सुमारे २६ अंश कलते. फूटरेस्टचं टोक मध्यरेषेपासून ४० सेंटीमीटर बाहेर आणि जमिनीपासून २४ सेंटीमीटर वर असेल, तर ते ३१ अंशांना टेकेल. किटने तेच टोक ३ सेंटीमीटर खाली आणलं की २८ अंशांना, आणि त्यात शॉकअब्सॉर्बरचं दबणं धरलेलंच नाही. घडी होणारा फूटरेस्ट घासला तर वर उचलला जातो आणि आपल्याला इशारा मिळतो. ताठ ब्रॅकेट टेकला तर तो गाडीलाच उचलून टायरची पकड सोडवतो. घडी न होणारा फूटरेस्ट मी घेणार नाही.

त्या दिवशी रस्त्याच्या कडेला मी डिस्क निवेपर्यंत थांबलो नाही. सळईच्या एका टोकाला सरळ आटे असतात, दुसऱ्या टोकाला उलटे, म्हणून ती न काढता नुसती फिरवून लांब-आखूड करता येते. आटे ६ मिलिमीटरचे, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर. दोन्ही टोकांचे चेकनट (सळई फिरू नये म्हणून आवळलेले नट) सैल केले, त्यातला एक उलटा फिरतो हे मधेच आठवलं, आणि सळईला एक पूर्ण फेरा दिला. एका फेऱ्याला प्रत्येक टोकाला एक, म्हणजे दोन मिलिमीटर. डबीचं झाकण उघडून आत पाहत होतो. तळातून ऑइलची बारीकशी उसळी आली आणि विरली. मागे जाऊन गाडी ढकलली, ती हलली. पेडलला बोट लावलं तर टोकाला किंचित सैल लागत होतं. चेकनट आवळले, दोन किलोमीटर गेलो, थांबलो, पुन्हा डिस्कजवळ हात नेला. कोमट होती.