ध्येय कोणी ठरवायचं? सिकलसेल आणि नागपुरातल्या लोकसहभागाची पार्श्वभूमी

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं तपासणी शिबिर लागलं होतं. समाजभवनाच्या ओट्यावर टेबल, टेबलावर काचेच्या नळ्या. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात सोडायचा आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या की माणूस मोकळा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की नाव वेगळ्या यादीत, पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीसाठी, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार नेमका ओळखण्यासाठी. मुलीला घेऊन आलेल्या एका आईनं नळी हलवणाऱ्या तंत्रज्ञाला दबक्या आवाजात विचारलं, “कार्ड पिवळं निघालं त माह्या पोरीचं लगन जुळन का?”

पिवळं कार्ड म्हणजे वाहक: स्वतः आजारी नाही, पण आजाराचा जनुक पुढच्या पिढीत जाऊ शकतो. तंत्रज्ञ गप्प राहिला. दिवसाला किती नमुने घ्यायचे हे त्याला सांगितलेलं होतं, या प्रश्नाचं काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं.

सार्वजनिक आरोग्यात ‘लोकांची भागीदारी’ हा शब्द फार जुना आहे. या आईच्या प्रश्नाला कार्यक्रमात जागा मिळायला मात्र अनेक दशकं लागली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 साली, भोर समितीनं देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना तिथली. त्याच अहवालात गावोगावी 5 ते 7 जणांच्या आरोग्य समित्या असाव्यात असंही म्हटलं होतं. केंद्रं हळूहळू उभी राहिली, समित्यांचं मात्र बहुतेक ठिकाणी विस्मरण झालं. 1977 साली जनस्वास्थ्य रक्षक योजना आली. हजार लोकवस्तीमागे गावानं निवडलेला एक माणूस, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि महिना 50 रुपये मानधन. पुढच्याच वर्षी अल्मा-आटाच्या जागतिक परिषदेनं जाहीर केलं की आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. पण आपल्याकडचे रक्षक बहुतांशी पुरुष होते. बाळंतीण आणि तान्ह्या बाळापर्यंत त्यांची पोच कमीच राहिली.

विदर्भाच्या मातीत हा विचार सरकारी कागदाच्या आधीपासून होता. गाडगेबाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. तुकडोजी महाराजांनी ग्रामसफाईला सामुदायिक प्रार्थनेइतकंच मानाचं स्थान दिलं. ही नावं मी भक्तिभावानं घेतो आणि हिशेबानंही घेतो. आरोग्य हे गावानं एकत्र येऊन करायचं काम आहे, हे इथल्या माणसाला कोणत्याही आरोग्य समितीच्या कितीतरी आधी पटलेलं होतं.

नागपूरहून दीड-दोन तासांवर सेवाग्रामला 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. तिथल्या ज्वारी योजनेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत सुगीच्या वेळी घरटी ज्वारी गोळा करायला सुरुवात केली. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची थोडी. त्या बदल्यात अचानक आलेल्या आजारपणात इस्पितळाच्या खर्चाचा भार हलका होई. गावातली बहुतेक घरं सामील झाल्याशिवाय योजना सुरू होत नसे. म्हणजे पाटलाला मजुराच्या घरी जाऊन ‘तूही ये’ म्हणणं भाग होतं. ज्वारीचं पायली-मापटं देणाऱ्या माणसाला इस्पितळाचा हिशेब विचारायचा अधिकार आपोआप येतो.

गडचिरोलीची वाट वेगळी होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मध्ये शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे गेले आणि त्यांनी आधी ऐकायला सुरुवात केली. खेड्यातल्या बायकांच्या अंगावर काढलेल्या आजारांवरचा त्यांचा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या बायकांपैकी 92 टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता. पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली गेली. 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेतल्या गावांच्या मानानं साठ टक्क्यांहून जास्त घटलं, हे 1999 साली जगापुढे आलं. आज देशभरातल्या आशाताई बाळाच्या घरी जाऊन वजन करतात, त्या कामाला या गावांची मोठी पुण्याई आहे.

आता सिकलसेलकडे. 1958 साली नागपुरात दोन गोष्टी घडल्या. पाणी आणि सांडपाण्याच्या संशोधनासाठी केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली, जिला आपण आज ‘नीरी’ म्हणतो. आणि शुक्ला व सोलंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा छोटा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पाण्याच्या प्रश्नाला इमारत, प्रयोगशाळा आणि पैसा मिळाला, आणि ते योग्यच होतं. सिकलसेल मात्र कितीतरी वर्षं डॉक्टरांच्या चर्चेपुरताच राहिला. वस्तीत त्याला नावच नव्हतं. लेकराची हाडं दुखतात, डोळे पिवळे होतात, हिवाळ्यात पोर रात्रभर कण्हतं, एवढंच घरच्यांना कळे. कोणी वाताचा आजार म्हणे, कोणी काविळीचं औषध देई.

हे बदललं ते घरच्या माणसांमुळे. ज्यांच्या घरातच हा आजार होता, त्या संपत रामटेके यांनी आणि नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियानं रुग्णांच्या कुटुंबांना एकत्र आणलं. 2018 साली रामटेके यांना पद्मश्री जाहीर झाली. या कुटुंबांच्या मागण्या ऐकल्या की ध्येय शब्दाचा अर्थ बदलतो. तज्ज्ञ सांगत होते की दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नाआधी तपासणी करा. शास्त्र खरंच आहे. पण कुटुंबांचं म्हणणं आधी वेगळं होतं: असह्य वेदनांचा झटका आला की त्या रात्री बेड मिळू दे, रक्तासाठी दारोदार फिरावं लागू नये, शाळेतल्या गैरहजेरीवरून पोराचं वर्ष वाया जाऊ नये, दिव्यांगाचं प्रमाणपत्र मिळू दे. यातली एक मागणी कायद्यापर्यंत पोचली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला.

लग्नाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो अजून सुटलेला नाही. तपासणीनंतर वाहकाला पिवळं, रुग्णाला लाल आणि निरोगी माणसाला पांढरं कार्ड मिळतं. कुंडलीऐवजी रक्त जुळवा, असं सांगायला सोपं असतं. प्रत्यक्षात ते पिवळं कार्ड मुलीच्याच माथी दोष म्हणून बसतं, मुलाचं कार्ड कोणी मागतही नाही. म्हणून आया कार्ड ट्रंकेच्या तळाशी ठेवतात. मला या आयांचा राग येत नाही. ज्या कार्यक्रमानं फक्त नमुन्यांची संख्या मोजली, त्यानं त्यांची भीती मोजलीच नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे, पांढऱ्या कार्डाशी लग्न झालं तर बाळाला आजार होत नाही, हे सासरच्या ओसरीवर बसून सांगायला त्याच वस्तीतली, त्याच समाजातली बाई लागते.

अशा बायांसाठी जागा आता कागदावर तरी आहे. 2005 साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानानं हजार लोकसंख्येमागे एक आशा आणि गावात आरोग्य समिती दिली, समितीला वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा निधीही दिला. 2013 च्या शहरी अभियानात 50 ते 100 घरांमागे महिला आरोग्य समिती आली, तिचा निधी 5,000 रुपयांचा. नागपूरच्या वस्त्यांतली बहुतेक चर्चा आज या चौकटीत होते. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं ध्येय आहे. आकडा मोठा आहे आणि तो दिल्लीत ठरलेला आहे.

त्या शिबिरातल्या आईला उत्तर शेवटी एका आशाताईनं दिलं. ती ओट्याच्या कडेला तिच्या शेजारी टेकली, आपल्या पर्समधून स्वतःचं पिवळं कार्ड काढलं आणि म्हणाली, “हे पाय. माहं लगन होऊन चौदा वर्सं झाली.”