काट्याच्या वायरीतून शिरणारा रेडिओ

मार्केट यार्डातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात लोडसेल, म्हणजे वजनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग असतो. त्याला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण वजनाला जेमतेम १० मिलिव्होल्ट बाहेर येतात. त्याचे ३,००० भाग पाडले की एका भागाच्या वाट्याला ३.३ मायक्रोव्होल्ट. हा एवढासा सिग्नल ज्या वायरीतून येतो, ती वायर अँटेनाचंही काम करते. पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झची मध्यम लहर असो, नाहीतर रेक्झिन चिकटवणारं २७ मेगाहर्ट्झचं वेल्डिंग मशीन, वायरीला दोन्ही सारखेच.

७९२ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३७९ मीटर आहे. तेवढी लहर वीतभर खोक्यात थेट फारशी शिरत नाही. ती येते वायरीवरून. म्हणून असा त्रास उपकरण सोसतं का हे तपासणाऱ्या आयईसी ६१०००-४-६ या आंतरराष्ट्रीय मानकात अँटेना वापरतच नाहीत. १५० किलोहर्ट्झ ते ८० मेगाहर्ट्झपर्यंतचा त्रास सरळ वायरीत सोडतात. ३ व्होल्ट ही सौम्य पातळी झाली; कारखान्यातल्या उपकरणांना आणि काट्यांना १० व्होल्ट लावतात. त्यावर १ किलोहर्ट्झचं ८० टक्के मॉड्युलेशन, म्हणजे त्या सुराबरोबर होणारा चढउतार असल्यामुळे शिखर २५ व्होल्टपर्यंत जातं.

हा त्रास वायरीवर चढवायला सीडीएन (कपलिंग-डिकपलिंग नेटवर्क) नावाची पेटी लागते. ती त्रास फक्त काट्याच्या बाजूला ढकलते, पलीकडच्या मेन्सकडे जाऊ देत नाही आणि वायरीला १५० ओहमचा ठरावीक रस्ता देते. काटा तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर १० सेंटिमीटर उंच इन्सुलेटिंग ठोकळ्यावर ठेवायचा, सीडीएन त्याच्यापासून १० ते ३० सेंटिमीटरवर. सीडीएनचा तळ पत्र्याला थेट टेकलेला हवा. खाली रंग किंवा गंज राहिला, की वरच्या फ्रीक्वेन्सीला आकडे भरकटतात आणि बिचाऱ्या काट्यावर आळ येतो.

पातळी काटा जोडण्याआधीच ठरवतात. १५० ओहमचं ५० ओहम करणारा ॲडॅप्टर लावला की १० व्होल्टच्या पातळीला मीटरवर एक षष्ठांश, म्हणजे १.६७ व्होल्ट दिसायला हवेत. हे मोजमाप मॉड्युलेशनविना होतं, आणि नंतर काटा जोडल्यावर पातळीला हात लावायचा नाही. ॲम्प्लिफायर मात्र १.८ पट शिखर पेलणारा हवा. सीडीएनमधून १० व्होल्ट द्यायला साधारण ७ वॅट पुरतात. त्याऐवजी वायरीभोवती बसणारा ५:१ चा करंट क्लॅम्प वापरला तर १७६ वॅट लागतात. कमी ताकदीचा ॲम्प्लिफायर दाबून चालवला की हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट फ्रीक्वेन्सी निघतात. मग पडद्यावर ९ मेगाहर्ट्झ दिसत असताना काटा खरं तर २७ ला बिघडलेला असतो.

फ्रीक्वेन्सी एकेक टक्क्याने वाढवत न्यायची. असे सुमारे ६३० टप्पे होतात. मानक प्रत्येक टप्प्यावर किमान अर्धा सेकंद थांबायला सांगतं, म्हणजे सव्वापाच मिनिटांत काम उरकतं. पण ज्या काट्याचा आकडा स्थिरावायलाच दोन सेकंद लागतात, त्याला ही घाई काय कामाची? तिथे तीन सेकंद द्या, अर्धा तास जाऊ द्या. आणि काटा बंद पडला नाही म्हणजे पास झाला, असं धरू नका. वजन ठेवून आकडा पाहायचा. एका पडताळणी-भागाहून, म्हणजे काट्याच्या ३,००० भागांपैकी एकाहून जास्त सरकला तर नापास.

आकडा सरकतो तो का? लोडसेलच्या ॲम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर रेडिओ सिग्नलचं रेक्टिफिकेशन करतात, म्हणजे त्याचा एकाच दिशेचा डीसी बनवतात. त्यातला १ किलोहर्ट्झचा सूर काट्याचं ॲव्हरेजिंग गाळून टाकतं, पण मागे राहिलेला डीसी हा वजनाच्या सिग्नलहून वेगळा ओळखूच येत नाही. सॉफ्टवेअरने तो काढता येत नाही. फिल्टर ॲम्प्लिफायरच्या आधीच हवा. दोन इनपुटांमधला कपॅसिटर, प्रत्येक इनपुटपासून ग्राउंडला जाणाऱ्या कपॅसिटरच्या निदान दहापट ठेवावा. नाहीतर ग्राउंडला जाणाऱ्या दोन कपॅसिटरांमधला थोडासा फरकही कॉमन-मोड, म्हणजे दोन्ही इनपुटांवर सारख्याच आलेल्या त्रासाचं खोट्या वजनात रूपांतर करतो.

बहुतेकदा मूळ दोष मात्र शील्डच्या, म्हणजे वायरीवरच्या धातूच्या जाळीच्या शेपटीत असतो. शील्ड पिळून पाच सेंटिमीटरची वायर करतात आणि आत सर्किट बोर्डावर सोल्डर करतात. मल्टीमीटर शून्य ओहम दाखवतो, पण तेवढ्या शेपटीचा सुमारे ५० नॅनोहेन्री इंडक्टन्स २७ मेगाहर्ट्झला साडेआठ ओहम होतो, ८० ला २५. शील्डवरचा सगळा करंट खोक्याच्या आत येऊन मगच ग्राउंड शोधतो. वायर आत घेणाऱ्या धातूच्या ग्लँडने शील्ड सभोवार खोक्यालाच पकडावी. रेडिओचा त्रास अडवणारा फेराइटचा गाभा लावायचा तर तोही वायर जिथून आत शिरते तिथेच, आणि दोन-तीन वेढे देऊन. एका वेढ्याचा फेराइट १५० किलोहर्ट्झला जवळपास काहीच करत नाही.