रिपोर्ट नॉर्मल, मग बोटांना मुंग्या कशाने?

छातीत धडधडतं, श्वास पुरा पडत नाही, चक्कर आल्यासारखं वाटतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. माणूस घाबरून दवाखाना गाठतो. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं, बोटाला ऑक्सिमीटर लागतो आणि सगळं ठीक निघतं. मग एक वाक्य हमखास कानावर येतं: "काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत सगळे." मला या वाक्याचा राग येतो. ते निष्ठुर आहे हे तर झालंच, पण शरीरशास्त्राच्या हिशेबाने ते चूकही आहे. त्या माणसाच्या रक्तात तेव्हा खरोखर काहीतरी घडलेलं असू शकतं, फक्त आपण नेमकं तेच मोजलेलं नसतं.

अशा तक्रारींमागे बऱ्याचदा चिंता किंवा नैराश्य असतं. नैराश्य म्हटलं की रडवेला चेहरा आठवतो आणि चिंता म्हटलं की नखं खाणारा माणूस. दवाखान्यात मात्र "मला उदास वाटतंय" असं म्हणत फार थोडे येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांतल्या सर्वसाधारण दवाखान्यांत केलेल्या पाहणीच्या आधारे १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्य असलेले ११४६ रुग्ण सापडले आणि त्यांतल्या ६९ टक्के लोकांनी येण्याचं कारण म्हणून फक्त शरीराच्या तक्रारी सांगितल्या होत्या. थेट विचारल्यावरही मनाची लक्षणं नाकारणारे मात्र जेमतेम ११ टक्के होते. म्हणजे विचारलं असतं तर बहुतेकांनी सांगितलं असतं.

ही गोष्ट नवी नाही. १८७१ साली जेकब द कोस्टा या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं होतं. छातीत दुखतं, धडधडतं, दम लागतो, पण हृदयात दोष सापडत नाही, अशा ३०० सैनिकांच्या नोंदी त्याच्याकडे होत्या.

तर मुंग्या कशाने येतात? इथे जरा शाळेतलं रसायनशास्त्र लागेल.

श्वास ऑक्सिजनसाठी घ्यायचा, हे आपण पाठ केलेलं असतं. पण मेंदू श्वासाचा वेग क्षणोक्षणी कमीजास्त करतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडकडे बघून. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतका राखलेला असतो. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं आणि श्वास वाढतो. खरंच पळालात तर स्नायू भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि हिशेब जुळतो. पण खुर्चीत बसल्याबसल्याच श्वास वाढला तर हा वायू तयार होतो नेहमीइतकाच, बाहेर मात्र जास्त फेकला जातो.

रक्तात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कार्बोनिक आम्ल बनवतो. तो घटला की आम्लता घटते आणि ७.४ च्या आसपास असणारा पीएच (आम्लतेचं उलटं माप) वर सरकतो. आता अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाकडे बघा. त्याच्यावर ऋणभार असलेल्या जागा असतात. बसमधल्या सीटसारख्या या जागांसाठी हायड्रोजनचे आणि कॅल्शियमचे आयन एकमेकांशी भांडत असतात. आम्लता घटली की हायड्रोजन आयन उठून जातात आणि रिकाम्या सीटवर कॅल्शियम बसतं. रक्तातलं एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, पण मोकळं फिरणारं कॅल्शियम कमी होतं.

आणि चेतातंतूंना गरज असते ती या मोकळ्या कॅल्शियमचीच. चेतापेशीच्या आवरणात सोडियमसाठी दारं असतात. बाहेरच्या द्रवातलं मोकळं कॅल्शियम ही दारं सहजासहजी उघडू देत नाही. ते कमी झालं की दारं किरकोळ कारणाने उघडतात आणि कशाचाही स्पर्श नसताना तंतू संदेश धाडू लागतो. याच त्या मुंग्या. प्रकार आणखी वाढला तर हात आखडतो: मनगट वाकतं, बोटं सरळ एकमेकांना चिकटतात, अंगठा तळव्याकडे ओढला जातो. पाहणाऱ्याला वाटतं फिट आली.

नेहमीच्या रक्ततपासणीत एकूण कॅल्शियम मोजतात, मोकळं आणि बांधलेलं मिळून. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल. शिवाय सुई टोचेपर्यंत श्वास निवळला असेल तर मोकळं कॅल्शियमही जागेवर आलेलं असतं. या रिपोर्टला खोटं म्हणता येणार नाही, त्याला प्रश्नच वेगळा विचारला होता.

चक्कर येते तीही यातूनच. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. दाबात १ मिलिमीटर घट झाली की मेंदूचा रक्तपुरवठा सुमारे ३ टक्क्यांनी कमी होतो. ४० वरून ३० वर आलात तर पाव हिस्सा तरी गेला. ऑक्सिमीटर मात्र ९९ दाखवत राहतो, कारण हिमोग्लोबिन भरलेलंच असतं. उलट कार्बन डायऑक्साइड घटल्यावर ते ऑक्सिजनला जास्तच घट्ट धरून ठेवतं. "जोरजोरात खोल श्वास घ्या, मेंदूला ऑक्सिजन मिळेल" हा सल्ला म्हणूनच उलटा पडतो. उपयोग होतो तो सावकाश, लांब उच्छ्वासाचा. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपायही नको: त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ऑक्सिजन आणखी घटेल.

अर्धा तास भराभरा श्वास घ्यायला लावून हातात मुंग्या आल्या की "ऊर्जा जागृत झाली" असं सांगणारी शिबिरं भरतात. ती ऊर्जा म्हणजे अल्ब्युमिनवर जाऊन बसलेलं कॅल्शियम. फी अर्थात ऊर्जेचीच घेतली जाते.

हे सगळं चिंतेच्या झटक्याच्या वेळचं झालं. चिंता दिवसेंदिवस मुरते तेव्हा श्वास थोडासाच, पण सतत जास्त चालतो. मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बायकार्बोनेट हा आम्लाला तोलून धरणारा घटक बाहेर टाकून पीएच सावरतात. पण आता या घटकाची शिल्लक तुटपुंजी असते, आणि एखादा मोठा सुस्कारा किंवा जांभई तोल घालवायला पुरते. म्हणून झोप आलेली नसताना दर थोड्या वेळाने जांभया देणारा, बोलताना मध्येच उसासा टाकणारा, "श्वास पूर्ण आत जातच नाही" म्हणणारा माणूस जवळपास असेल तर लक्ष द्या. हे चिंतेचं लक्षण असू शकतं असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

माझ्या या लाडक्या यंत्रणेने सगळंच उलगडतं असं मात्र नाही. १९९६ साली नेदरलँडमधल्या संशोधकांनी अशा रुग्णांना भराभर श्वास घ्यायला लावला, पण हवेत कार्बन डायऑक्साइड मिसळून रक्तातली पातळी घसरू दिली नाही. तरीही बऱ्याच जणांना ओळखीची लक्षणं जाणवलीच. भीतीच्या वेळी स्रवणारं अॅड्रेनलीन आणि शरीराकडे सतत लागलेलं लक्ष यांचाही वाटा मोठा असतो.

नैराश्याच्या खुणा याहून संथ असतात. नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येते आणि मग डोळा लागत नाही. सकाळ सगळ्यात जड जाते, संध्याकाळी थोडं मोकळं वाटतं. घरच्यांची भेट संध्याकाळीच होते, त्यामुळे "बरा तर असतो" हे त्यांचं मत प्रामाणिकच असतं. मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये उदासीऐवजी चिडचिड दिसते, आणि मनोविकारांची अमेरिकन निदान-पुस्तिका त्यांच्या बाबतीत चिडचिड उदासीच्या बरोबरीची धरते. वयस्कांमध्ये विसरभोळेपणा दिसतो आणि थेट डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) शंका घेतली जाते. नैराश्यातला माणूस बहुधा प्रयत्न न करताच "माहीत नाही" म्हणून मोकळा होतो, तर डिमेन्शियाचा रुग्ण अनेकदा काहीतरी जुळवून सांगतो. निर्णय घेणं अवघड होतं, तेही क्षुल्लक: दोन शर्टांपैकी कुठला घालावा यावर पंधरा मिनिटं कपाटापुढे उभं राहणं. चिंतेत एकच प्रश्न रूप बदलून येत राहतो: पोहोचलास ना, नक्की ना, मग फोन का उचलला नाहीस?

यातलं एखादं लक्षण एकटं काहीच सिद्ध करत नाही. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांतही थकवा, धडधड, मुंग्या असतात, त्यामुळे त्या तपासण्या करायलाच हव्यात. छातीत पहिल्यांदाच दुखलं तर आधी हृदयच तपासायचं, मन नंतर.

शंका आली तर डॉक्टर बऱ्याचदा पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली देतात. २००१ पासून ती वापरात आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर नीट तपासणी करतात. पण नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही लिहावं लागलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.