हलकी कॅराव्हॅन ओढणे (कोकण किनारा)

मोटारीच्या मागे जोडून नेता येणारे, झोपण्याची व चूल मांडण्याची सोय असलेले, बहुधा एकाच आसाचे चाकांवरचे छोटे घर म्हणजे हलकी कॅराव्हॅन. तिला स्वतःचे इंजिन नसते. महाराष्ट्रात कॅराव्हॅन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंजिनवाली, आतून घरासारखी सजवलेली बस येते, ती वेगळी. हौसेच्या प्रवासासाठी खास बांधलेली पहिली कॅराव्हॅन १८८५ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी तयार झाली. ती घोडे ओढत.

‘हलकी’ म्हणजे किती, याचा युरोपातील नियम सोयीचा आहे. भरलेले वजन ७५० किलोपर्यंत असेल, तर तेथे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे नाहीत. मात्र असा बिनब्रेकचा ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून जड नसावा, असे ब्रिटनमध्ये बंधन आहे. १,१०० किलोच्या मोटारीने त्या हिशेबात ५५० किलोच ओढावेत. कारखान्याच्या पत्र्यावरचे रिकामे वजन पाहून फसगत होते. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, घरगुती गॅसची भरलेली टाकी जवळजवळ तीस किलो. त्यावर गाद्या, भांडी आणि दोन सायकली. खरे वजन समजण्यासाठी सामान भरून वजनकाट्यावर जाणे हाच उपाय.

वजनाइतकाच समतोल महत्त्वाचा, आणि बैलगाडी हाकलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते. कॅराव्हॅनचेही तेच. तिच्या पुढच्या दांडीने मोटारीच्या हुकावर एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार टाकावा, असा ब्रिटनमधील संकेत आहे. ६०० किलोला ३० ते ४२ किलो. घरातला वजनकाटा जॉकी चाकाजवळ (दांडीला पुढे आधार देणारे, वरखाली होणारे छोटे चाक), दांडीच्या टोकाखाली लाकडी ठोकळ्यावर ठेवून हा भार मोजता येतो. जड सामान आसाच्या वर, तळाशी ठेवावे. मे महिन्यात परतताना मात्र हा नियम हमखास मोडतो. आंब्याच्या पेट्या मागच्या दाराशी रचल्या जातात. पाव किलोचे फळ धरले तरी पाच डझनांच्या पेटीत पंधरा किलो आंबे असतात. अशा चार पेट्या आसाच्या मागे गेल्या की येताना शहाण्यासारखी वागलेली कॅराव्हॅन जाताना शेपूट हलवू लागते.

हे डोलणे वेगाबरोबर वाढते. शेजारून एसटी किंवा ट्रक गेला, खाडीपुलावर आडवा वारा लागला, की निमित्त पुरते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरावे. करकचून ब्रेक दाबू नये, उलट स्टिअरिंग फिरवून झुंजू नये, आणि वेग वाढवून ती सरळ होईल ही आशा तर मुळीच धरू नये. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने गेल्यास थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते.

देशावरून कोकणात उतरण्यासाठी सह्याद्री ओलांडावाच लागतो, मग तो ताम्हिणी असो, कुंभार्ली, आंबा वा आंबोली. पनवेलहून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने निघाले तरी चढउतार सुटत नाहीत. कशेडीला बोगदा झाला, पण पुढे परशुराम घाट आहेच. चढणीची चिंता सगळे करतात, प्रसंग उतरणीवर येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवण्याची जुनी खोड येथे जिवावर बेतेल. मागून दाब आला की आपोआप लागणारे ओव्हररन ब्रेक कॅराव्हॅनला असतील, तर लांब उतरणीवर ते लागलेलेच राहतात व तापतात. जळका वास आला की रुंद जागा पाहून थांबावे, चाकाखाली दगड लावावा आणि चहा प्यावा. वळणावर कॅराव्हॅनची चाके मोटारीपेक्षा आतून जातात; आतल्या बाजूचे गटार त्यांचीच वाट पाहत असते.

रेवस ते रेडी या सागरी मार्गावर खाड्या आडव्या येतात. सावित्रीच्या मुखाशी वेश्वी–बागमांडला, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे, शास्त्रीवर जयगड–तवसाळ अशा फेरीबोटी मोटारी पार करतात. येथे पंचांग पाहिलेले बरे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला बोट खूप खाली जाते आणि रॅम्प तीव्र उताराचा होतो. तशा कोनात हुक किंवा कॅराव्हॅनचा मागचा कोपरा घासतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, फरक कमी असतो. शिवाय काही वेळा बोटीवर उलटे चढावे लागते, म्हणून मागे घेण्याचा सराव मोकळ्या मैदानात करून यावा. स्टिअरिंग तळाशी धरून हात ज्या बाजूला नेला, त्या बाजूला कॅराव्हॅन मागे जाते. आखूड कॅराव्हॅन लांबीपेक्षा चटकन वाकडी होते, हा हलकेपणाचा तोटा. फायदा असा, की दोन्हीकडे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, असलेल्या गल्लीत अडकलीच तर सोडवून सपाटीवर तिघांनी हाताने ढकलता येते.

जोडणी मोटारीच्या हुकावरील साधारण ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर होते. कुलूप बसल्याची खात्री करण्यासाठी जॉकी चाक फिरवून दांडी वर उचलावी. मोटारीचा मागचा भागही उचलला गेला पाहिजे. सुरक्षेच्या साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून तिरक्या घालाव्यात, म्हणजे दांडी निसटली तरी रस्त्याला टेकत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरची नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांकही ट्रेलरवर लावावा लागतो.

मुक्कामासाठी सडा, म्हणजे कातळाचे उघडे पठार, उत्तम : कातळ चाकाखाली खचत नाही, वारा मात्र झोडपतो. पावसाळ्यात लाल मातीच्या शेतात उभी केलेली कॅराव्हॅन बाहेर काढायला ट्रॅक्टर लागतो. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, तर नेऊच नये. रुतलेल्या चाकांना भरतीची वेळ विचारता येत नाही. सावलीच्या लोभाने माडाखाली लावणारे पाहुणे दरवर्षी भेटतात. हलक्या कॅराव्हॅनचे छप्पर पातळ असते, आणि नारळ वजन मोजून पडत नाही. परत आल्यावर खाऱ्या हवेने गंजणारा गोळा, साखळ्या आणि दिव्यांच्या प्लगच्या पिना गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, सुकवून, गोळ्याला ग्रीस लावून ठेवतात.