दहा मिलिसेकंद म्हणजे दहाच

सिम्युलिंक या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मोटरच्या वेगनियंत्रणाचं मॉडेल काढून सी कोड तयार केला, की हाती मुख्यतः दोन फंक्शन्स लागतात: सुरुवातीला एकदाच चालवायचं 'इनिशियलाइझ' आणि ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा चालवायचं 'स्टेप'. स्टेपला वेळेवर हाक मारणं मात्र आपलं काम.

स्टेप घड्याळ बघत नाही. मॉडेलमध्ये सॅम्पल टाइम (स्टेपच्या दोन हाकांमधलं अंतर) 10 मिलिसेकंद दिला, तर 0.01 हा आकडा कोडच्या गणितात मुरलेला असतो. इथेच नवखे फसतात. फ्रीआरटीओएस या छोट्या बोर्डांवरच्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमच्या टास्कमध्ये (स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामात) ते आधी स्टेप चालवतात, मग व्हीटास्कडिले(10) लिहितात, म्हणजे दहा टिक थांबा. समजा टिक, म्हणजे सिस्टिमच्या घड्याळाचा ठोका, 1 मिलिसेकंदाचा आहे आणि स्टेपला 2.3 मिलिसेकंद लागतात. डिलेची मोजणी स्टेप संपल्यावर सुरू होते, तीही पूर्ण टिकांत, त्यामुळे फेरी 12 मिलिसेकंदांची होते. कोड मात्र 10च धरून चालतो: इंटिग्रल (वेगातल्या चुकीची साठत जाणारी बेरीज) सुमारे 17 टक्के कमी साठतो, डेरिव्हेटिव्ह (ती चूक बदलण्याचा दर) 20 टक्के जास्त येतो. सिम्युलेशनमध्ये शहाण्यासारखी वागणारी मोटर टेबलावर थरथरू लागते आणि माणूस दिवसभर गेन (कंट्रोलरचे गुणक) बदलत बसतो. गेनचा यात काही दोष नाही. व्हीटास्कडिलेअंटिल वापरा, ते मागच्या ठरलेल्या वेळेपासून मोजतं.

मॉडेलमध्ये 1 आणि 10 मिलिसेकंद असे दोन दर असतील, तर कोड तयार करताना मल्टिटास्किंग निवडा. दोन वेगळ्या स्टेप मिळतात. जलद स्टेपच्या टास्कला वरची प्रायॉरिटी द्या. दोघींमधला डेटा सिम्युलिंकच्या रेट ट्रान्झिशन ब्लॉकमधूनच न्या, नाहीतर अर्धा जुना, अर्धा नवा डेटा वाचला जाऊ शकतो.

सेन्सरची बस (डेटाची सामाईक वाट) दोन टास्कांत वाटून घेतली असेल, तर एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप लागतं; त्यासाठी साधा बायनरी सेमाफोर नको, म्यूटेक्स घ्या. 1997 साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान व्हीएक्सवर्क्स या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होतं. हवामानाच्या खालच्या टास्कने धरून ठेवलेल्या म्यूटेक्ससाठी बसचा वरचा टास्क ताटकळला, मधल्या प्रायॉरिटीच्या टास्कनी खालच्याला चालू दिलं नाही, आणि यान वारंवार रीसेट होत राहिलं. त्या म्यूटेक्सची प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे म्यूटेक्स धरणाऱ्याला ताटकळणाऱ्याची वरची प्रायॉरिटी तात्पुरती देण्याची सोय, बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केल्यावर रीसेट थांबले. फ्रीआरटीओएसच्या म्यूटेक्समध्ये ही सोय मुळातच असते, बायनरी सेमाफोरमध्ये नसते.

बोर्ड हाती आल्यावर पहिलं काम: स्टेप सुरू होताना एक पिन वर न्या, संपताना खाली आणा, आणि ऑसिलोस्कोप लावा. दोन चढत्या कडांमधलं अंतर दहाच यायला हवं. सरासरीवर विसंबू नका. सगळे इंटरप्ट (हार्डवेअरकडून मध्येच येणारे व्यत्यय) चालू ठेवून सर्वांत वाईट फेरी पकडा.